टेकडीवरचा डिस्क गोल्फ कोर्स: काय जमलंय, काय बदलायला हवं?

टेकडीवरचा

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला वर टेकडीवर काही लोक साखळ्या लावलेल्या टोपल्यांमधे चकत्या फेकत असतात ते नक्की काय चाललंय, असं दोन-तीन धाग्यांवर विचारून झालंय, तर तो डिस्क गोल्फ, म्हणजे बॉलऐवजी चकतीने खेळायचं गोल्फ, म्हणून म्हटलं एकदा नीट वेगळा धागाच काढू. कोर्स आमच्या ग्रुपने मांडलाय, त्यामुळे माझा जीव त्यात आहे हे आधीच सांगतो, पण दसऱ्यानंतर नवीन सीझन सुरू झालाय तर ज्यांनी खेळून बघितलंय, किंवा जे नुसते तिथे चालायला येतात, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

जागा म्हणजे एलबीएस रोडपासून वर गेलं की एका जुन्या कंपनीची कॉलनी लागते, तिच्या मागची टेकडी. नऊ होल (म्हणजे फेकायच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचे टप्पे) आहेत. पाच ठिकाणी वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेल्या बास्केट, उरलेल्या चार ठिकाणी झाडाच्या बुंध्याला कापडी पट्टी गुंडाळलेली, तिला चकती लागली की होल संपला. सगळ्या बास्केट पोर्टेबल आहेत, खेळून झालं की वॉचमनच्या खोलीमागे ठेवतो. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो. एक म्हणजे फुकट. दुसरं, मुंबईत बॉलवालं गोल्फ खेळायचं तर मेंबरशिपचा विषय निघाला की आपल्यासारख्यांचं बोलणंच संपतं, आणि त्या खेळाला १८ होलसाठी शंभर-सव्वाशे एकर लागतात, इथे आमचा सगळ्यात लांब होल ९२ मीटर आहे आणि अख्खी फेरी सव्वा तासात होते. तिसरं म्हणजे सावली. शिवाजी पार्क घ्या, ओव्हल घ्या, मैदान म्हणजे उघडं रान आणि त्यावर क्रिकेटच्या आठ-दहा मॅच एकमेकांत घुसलेल्या, तिथे चकती फेकायला जागा कुठून मिळणार आणि का मिळावी, ती मैदानं क्रिकेटची आहेत. या खेळाला झाडं लागतात. झाडं नसतील तर मजाच नाही. आमचा तिसरा होल दोन मोठ्या पर्जन्यवृक्षांच्या मधून खाली उतरतो, समोर खाडीपर्यंत सगळं दिसतं, चकती हातातून सुटली की ती आधी उजवीकडे जाते, मग फांद्यांखालून सरळ होते आणि शेवटी डावीकडे वळून बास्केटकडे उतरते, ते बघायला मी रविवारी साडेपाचला उठतो.

पहिला होल सोपा, अशोकाच्या दोन रांगांमधून ५५ मीटर. दुसरा ठीक. चौथा चढाचा, ४५ मीटरच आहे पण डावीकडे घाणेरीची जाळी आहे आणि ती चकत्या गिळते. सातवा वर पठारावर, उघडा, वाऱ्याचा. आठवा-नववा परत पाण्याच्या टाकीपर्यंत आणतात, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

पाचव्याबद्दल मला स्वतःला खात्री नाहीये, त्यावर मुद्दाम बोला.

गिरगावकर

हे अमेरिकेतलं फॅड दिसतंय. फ्रिस्बी माहीत आहे, चौपाटीवर खेळलोय. त्यात गोल्फ कुठून आलं?

टेकडीवरचा

@गिरगावकर, नियम गोल्फचाच. टी वरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, चकती जिथे पडली तिथून पुढची फेक, कमीत कमी फेकींमधे बास्केटमधे घालायची. फॅड म्हणाल तर वय बरंच आहे त्याचं. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ गावच्या शाळेतली मुलं १९२६ मधे डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून हेच खेळत होती. आजचं रूप दिलं एड हेड्रिकने, फ्रिस्बीला नीट स्थिर उडवणारी डिझाइन ज्याने पेटंट केली तोच माणूस. १९७५ मधे कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात त्याने पहिला कायमचा कोर्स मांडला, तिथे सुरुवातीला बास्केट नव्हत्याच, नुसते खांब होते, आणि चकती खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे म्हणून मग साखळ्या आणि खाली टोपली आली. साखळी चकतीचा जोर खाते आणि ती खाली टोपलीत पडते, खणखण आवाज आला की वादाचं कारणच राहत नाही. त्याचं पेटंट १९७७ चं. २००२ मधे तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमधे मिसळून चकत्या बनवल्या.

त्यामुळे आमच्या झाडाला पट्टी बांधलेल्या चार होलना कुणी कच्चं म्हटलं तर मला वाईट वाटत नाही, खेळ तसाच सुरू झालाय.

परतलेला_मुलुंडकर

सविस्तर लिहितो कारण मनापासून आवडलाय कोर्स. मी चार वर्षं फिनलंडला होतो, हेलसिंकीतल्या ताली पार्कच्या कोर्सवर जवळजवळ दर आठवड्याला खेळायचो. तिकडे हा खेळ इतका रुजलाय की छोट्या छोट्या गावात कोर्स असतात, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. तिथली सवय असल्यामुळे इथे आलो तेव्हा फारशी अपेक्षा नव्हती, पण तिसऱ्या होलच्या टीवर उभा राहिलो आणि म्हटलं हा होल कुठल्याही देशात चांगला ठरेल. ज्याने मांडला त्याला चकती कशी उडते ते कळतं.

आता पाचवा. स्पष्ट सांगतो, तो आजच्या आज बंद करा.

कारण सांगतो, नुसतं "रस्त्याजवळ आहे" एवढंच नाहीये. आपल्यातले बहुतेक उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकतात. तशी फेकलेली चकती वरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि वेग कमी झाला की ती डावीकडे कलून उतरते. दर वेळेला. नवशिक्याची तर जास्तच, कारण त्याच्या फेकीला वेग कमी. पाचव्या होलला तुम्ही उत्तरेकडच्या उंचवट्यावरून दक्षिणेला खाली फेकता, चालायची पायवाट पूर्वेला, म्हणजे फेकणाऱ्याच्या डावीकडे. म्हणजे दहातल्या नऊ चकत्या शेवटी त्या पायवाटेकडेच वळणार. शिवाय उतार असल्यामुळे त्या जमिनीला लागून घसरत पुढे जातात. आणि मधे बांबूचं बेट आहे त्यामुळे फेकणाऱ्याला पायवाटेचं वळण दिसतच नाही. तीन चुका एका होलमधे आहेत. कोर्स डिझाइनचा पहिला नियमच हा आहे की जिथे खेळाशी संबंध नसलेली माणसं असतात तिथे चकती पोचता कामा नये, चांगली फेक नाही आणि वाईटही नाही.

रोजची_फेरी

मी त्या पायवाटेवर चालणारी. वय ६१, शाळेतून निवृत्त झाले, गेली अकरा वर्षं रोज सकाळी सहा ते सात आणि जमलं तर संध्याकाळी. धागा वाचून बरं वाटलं की निदान विचारलंत तरी.

मार्चमधे संध्याकाळी माझ्यापुढे दोन पावलांवर एक चकती येऊन आपटली. मला लागली नाही. पण माझ्याबरोबर शेजारच्या वहिनी होत्या, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या दचकून बाजूला झाल्या आणि तोल गेला. पडल्या नाहीत, मी धरलं. मुलगा धावत आला, सॉरी काकू म्हणाला, चांगल्या घरातला होता, मी त्याला काही बोलले नाही. पण त्यानंतर त्या वहिनी वर येत नाहीत. मला तुमच्या खेळाबद्दल एवढंच माहीत आहे की त्याच्यामुळे माझी चालायची सोबत गेली.

मऊ प्लॅस्टिकची असते ना ती, असं कुणीतरी मला म्हणालं होतं. मी उचलून बघितली, अजिबात मऊ नाहीये.

टेकडीवरचा

काकू, हे मला माहीत नव्हतं. त्या मुलाने ग्रुपवर सांगितलंच नाही. मी मनापासून माफी मागतो, आणि वहिनींकडे तुमच्याबरोबर येऊन त्यांचीही मागेन, तुम्ही म्हणाल तेव्हा.

आणि मऊ नाही हे तुमचं बरोबर आहे. खेळण्यातली फ्रिस्बी वेगळी, ही वेगळी. साधारण २१ सेंटीमीटर रुंद, नियमाप्रमाणे त्या आकाराला १७५ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, आणि लांब जायच्या चकतीची कड पातळ आणि कडक असते. नवशिक्याच्या हातूनही ती ताशी साठच्या आसपास जाते. लागली तर चांगलीच लागते.

आजपासून पाचवा बंद. आठ होल खेळू.

वाळूतली_पोरगी

मी अल्टिमेट (फ्रिस्बीचा टीमने खेळायचा खेळ) खेळते, बीचवर. आमची डिस्क पण १७५ ग्रॅमचीच असते पण २७ सेमी रुंद, कड जाड गोल, पकडायची असते ना म्हणून. गोल्फची डिस्क कुणी हाताने पकडायला जाऊ नका प्लीज, आमच्यातल्या एकाने सवयीने पकडायला बघितली आणि अंगठा सुजला.

कोर्सबद्दल, मला आवडला पण लांब होल एक तरी हवा होता. ९२ मीटर म्हणजे ज्यांना जोरात फेकता येतं त्यांच्यासाठी संपतोच लगेच. सातव्याला मागे सरकून १३० करता येईल का? वर पठारावर जागा आहे.

आणि एक चांगली गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते, मी तिथे एकटी गेले होते पहिल्यांदा, कोणाला ओळखत नव्हते, तर एका काकांनी स्वतःची चकती दिली, दोन होल माझ्याबरोबर चालले, कसं धरायचं ते सांगितलं आणि मग त्यांच्या ग्रुपमधे परत गेले. मुंबईत मुलीने एकटीने मैदानावर जाऊन खेळायला सुरुवात करणं सोपं नाहीये. इथे ते झालं.

परतलेला_मुलुंडकर

@वाळूतली_पोरगी सातवा १३० करण्याआधी वारा बघ. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो तो सरळ तोंडावर. समोरच्या वाऱ्यात चकती उजवीकडे उलटते, म्हणजे जी एरवी नीट सरळ जाते ती वाऱ्यात पलटी खाऊन उजवीकडच्या दरडीत जाते. मागच्या शनिवारी चार वाजता आम्ही पाच जण होतो, तिघांच्या चकत्या दरडीत. नव्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं आणि तो अजून जोरात फेकतो, तर अजून वाईट जाते. समोरून वारा असेल तर जड आणि जास्त डावीकडे जाणारी चकती घ्यायची, जोर कमी, उंची कमी. सकाळी तोच होल गरीब असतो.

पानगळ

मी पक्षी-झाडं बघणारा, खेळत नाही. दोन गोष्टी.

तिसऱ्या होलवर परवा दोन मुलांचं बोलणं ऐकलं, "ती खालची फांदी उडवली तर लाइन मोकळी होईल". कृपया असलं काही करू नका. शहरात झाड तोडायलाच नाही, फांद्या छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, महाराष्ट्राचा झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. वर कोणीतरी लिहिलंय की पहिला कोर्सही १९७५ चा, तर दोन्ही एकाच वयाचे आहेत, गंमत वाटली.

दुसरं, ज्या चार झाडांना तुम्ही पट्टी बांधलीये त्यातलं एक ताम्हण आहे. त्याची साल पातळ, चकत्यांनी एका बाजूने सोलवटलीये. एकाच जागी रोज मार बसला की तिथून बुरशी शिरते. आणि टीच्या जागा बघा, पहिल्या आणि चौथ्याला गवत गेलंय, माती दगडासारखी दाबली गेलीये, मुळांना हवा मिळत नाही, आणि चौथा उतारावर आहे त्यामुळे यंदाच्या पावसात तिथून मुरूम वाहून पन्हळ पडलीये. वीतभर खोल आहे, जाऊन बघा.

घाणेरी मात्र खुशाल काढा, ती इथली नाहीच. मुळासकट काढा, नुसती कापली तर दुप्पट येते.

टेकडीवरचा

पन्हळ बघून आलो. खरं आहे. ताम्हणाची पट्टी आज सोडली, तिथे बास्केट नेऊ. फांदी कोणी तोडणार नाही, ग्रुपवर लिहिलंय. आणि ती फांदी आहे म्हणूनच तिसरा होल तिसरा होल आहे, ती गेली तर ९२ मीटरचा सरळ रस्ता उरेल.

डॉक्टर_काका

सध्या गवत कमरेएवढं आहे, टाकळा वाळत आलाय. चकती शोधताना लोक हाताने गवत बाजूला करतात ते बघून अंगावर काटा येतो. आपल्याकडे घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही आढळतात आणि पावसाळा संपता संपता घोणशीची पिल्लं असतात. काठीने गवत हलवा, पायात घोट्यावर येणारे बूट, आणि चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका, हात किंवा पाय हलवू न देता थेट मोठ्या हॉस्पिटलला, १०८ ला फोन. चावल्यावर द्यायची विषावरची लस या चारही सापांवर चालते पण वेळेत पोचलं पाहिजे.

सहाव्या होलच्या नाल्यात चकती गेली तर पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, पायाला छोटी जखम असली तरी पुरते. मुंबईत दर पावसाळ्यात लोक यानं आजारी पडतात. हजार-बाराशेची चकती गेली तर गेली.

वाळूतली_पोरगी

डॉक्टर काकांना +१. खेळाच्या नियमातच आहे की चकती शोधायला तीन मिनिटं, नाही सापडली तर हरवली धरायची, एक फेक दंड. तीन मिनिटं झाली की सोडा ना. आणि नवीन घेणाऱ्यांनी हिरवी घेऊच नका, पिवळी पण वाळक्या गवतात दिसत नाही. गुलाबी घ्या. भडक गुलाबी. माझ्या तीन हरवल्या त्यात गुलाबी एकही नाही.

भट्टीवाला

बास्केट माझ्या ओळखीच्या शॉपमधे बनल्यात म्हणून लिहितो. साखळी बाजारातली साधी पॉलिशवाली घेतली होती, पैसे वाचवायला, ती चूक झाली. मुंबईची हवा खारट आणि दमट, चार महिने खोलीमागे नुसती पडून होती तरी दोन बास्केटच्या साखळ्या गंजल्यात, कड्या एकमेकींत अडकतात त्यामुळे चकती धरत नाहीत, आपटून बाहेर येते. आता बदलणार असाल तर गरम जस्तात बुडवून गॅल्वनाइज केलेलीच घ्या, महाग पडते पण वर्षानुवर्षं टिकते. आणि पावसाळ्यात साखळ्या काढून ऑइल लावून गोणपाटात बांधून ठेवायच्या. एका बास्केटचं वजन साधारण १२ किलो आहे, चाकं लावून देऊ शकतो, टेकडीवर उचलून न्यायला बायकांना आणि मुलांना त्रास होतो म्हणून नेहमी तेच दोघं-तिघं नेतात.

सी_विंग

पहिल्या होलची बास्केट आमच्या खिडकीखाली आहे. रविवारी सव्वासहाला खण्ण. परत खण्ण. घरी चार महिन्यांचं बाळ आहे. खेळाला विरोध नाही, आवाजाला आहे.

टेकडीवरचा

सी_विंग, उद्यापासून पहिल्या होलला झाडाची पट्टी, साखळी नाही. तिथली बास्केट ताम्हणाच्या जागी जाईल. एका फेरीत दोन्ही कामं होतात, हे आधीच सुचायला हवं होतं.

गिरगावकर

वाचतोय. एक शंका. जागा कोणाची? परवानगी आहे का लेखी?

टेकडीवरचा

तोंडी आहे. कॉलनीच्या कमिटीने हो म्हटलंय, लेखी काहीच नाही. हा या कोर्सचा माझ्या मते सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे, पाचव्यापेक्षाही, कारण पाचवा आपल्या हातात आहे आणि हे नाही. उद्या तिथे काही बांधायचं ठरलं तर आपण बास्केट उचलून खाली येणार, म्हणणार तरी काय. म्हणून कायमचे खांब रोवायचा आग्रह मी धरत नाही, काही जणांना हवेत तरी. जे उचलून नेता येतं तेवढंच आपलं.

परतलेला_मुलुंडकर

पाचव्याबद्दल परत येतो. काल सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेचारला दोन्ही वेळा जाऊन उभा राहिलो, काही न फेकता.

सोपा उपाय आहे. होल उलटा करा. दक्षिणेकडून उत्तरेला, खालून वर. मग पायवाट फेकणाऱ्याच्या उजवीकडे येते आणि उजव्या हाताची चकती शेवटी डावीकडे, म्हणजे पायवाटेपासून लांब जाते. चढावर फेकल्यामुळे घसरत नाही, पडली तिथेच थांबते. आणि खालच्या बाजूने बांबू आड येत नाही, वळणापर्यंत सगळी पायवाट दिसते. तिन्ही चुका एकदम जातात. डावखुऱ्यांसाठी मात्र आधीचाच प्रॉब्लेम येतो, आपल्याकडे दोघे आहेत, त्यांनी तिथे फोरहँड (हात बाजूने पुढे आणून) फेकायचा, तो त्यांचा उजव्याच्या बॅकहँडसारखाच जातो.

पण, हे महत्त्वाचं, संध्याकाळचा प्रश्न सुटत नाही. वारा पश्चिमेचा, पायवाट पूर्वेला. होल कुठल्याही बाजूने खेळा, वारा चकतीला पायवाटेकडेच ढकलणार. थंडीत सकाळी जो काही थोडा वारा असतो तो पूर्वेकडून असतो, तो उलट लांब नेतो. म्हणून सकाळी उलटा पाचवा, दुपारनंतर पाचवा नाहीच. दोन वेळांना दोन वेगळे कोर्स समजा.

टेकडीवरचा

मी दीड वर्ष त्या होलवर उभा आहे आणि मला हे दिसलं नाही. धन्यवाद.

ठरलं मग. सकाळी नऊपर्यंत नऊ होल, नंतर आठ. पाचव्याला पायवाटेच्या वळणावर एक माणूस लाल रुमाल घेऊन उभा, त्याने रुमाल खाली केल्याशिवाय कोणी फेकायचं नाही. ग्रुपमधे चार जण असतील तरच पाचवा, दोघे-तिघे असाल तर सोडा. संध्याकाळी साडेपाचला बास्केट आत, कारण वरचं जंगल नॅशनल पार्कला लागून आहे आणि अंधार पडताना बिबट्या खाली येतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, चकतीसाठी तिन्हीसांजेला झुडपात कोणी शिरायचं नाही.

बाबांची_मुलगी

एक चांगला मुद्दा राहिला तो टाकते. बाबांना पार्किन्सन्स आहे, ६८ वय, पूर्वी क्रिकेट खेळायचे, आता बॉल पकडता येत नाही. पटिंग, म्हणजे बास्केटजवळून फेकणं, मात्र जमतं त्यांना. दहा मीटरच्या आतून उभं राहून हळू फेकायचं, पळायचं नाही, कोणी समोर नाही, घाई नाही. आम्ही दोघं फक्त आठव्या आणि नवव्याला जातो, त्या ज्या दोन होलबद्दल सांगण्यासारखं नाही असं वर लिहिलंय ना तेच. सपाट आहेत, टाकीपाशी बाक आहे. जानेवारीत त्यांनी सात मीटरवरून एक घातला, साखळीचा आवाज झाला आणि ते तिथेच उभे राहून हसत राहिले बराच वेळ. प्लीज ते दोन होल "इंटरेस्टिंग" करायला जाऊ नका.

टेकडीवरचा

ते दोन होल जसे आहेत तसेच राहतील. आणि मी वर जे लिहिलं ते मागे घेतो.

भट्टीवाला

आठव्याच्या बास्केटची साखळी मी माझ्या खर्चाने बदलून देतो, गॅल्वनाइजवाली. या आठवड्यात.

पानगळ

रविवारी चौथ्याची पन्हळ बुजवायला येतो. दगड रचून बांध घालू आणि टी तीन मीटर वर सरकवू, जुन्या जागी गवत येईपर्यंत दोरी बांधा.

रोजची_फेरी

आज सकाळी गेले होते. लाल रुमालवाला मुलगा उभा होता, मला बघून त्याने हात वर केला आणि मी जाईपर्यंत वर कोणी फेकलं नाही, उलट थांबून नमस्कार केला. बरं वाटलं.

संध्याकाळचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पाचवा बंद असला तरी सहाव्याकडून येणारे लोक पायवाटेवरून चालताना चकत्या फेकत फेकत येतात, तेही थांबवा. वहिनींना मी सांगितलंय, त्या म्हणाल्या आधी पंधरा दिवस बघ, मग येते. तेव्हा पंधरा दिवसांनी लिहीन.

आणि माझी नात नऊ वर्षांची आहे, ती तुमच्या त्या पहिल्या होलपाशी तासभर उभी होती. तिला कुठली घ्यावी?

वाळूतली_पोरगी

काकू, पटर (जवळून फेकायची चकती) घ्या, १४० ग्रॅमच्या आसपासचा, हलका. ड्रायव्हर, म्हणजे लांब जायची चकती, अजिबात नको, लहान हातात तो वळून लगेच खाली पडतो आणि मुलं कंटाळतात. विकत घ्यायच्या आधी रविवारी या, माझ्याकडे दोन आहेत, तिला हातात धरून बघू दे. एक गुलाबी आहे.

टेकडीवरचा

पायवाटेवर चालताना फेकणं आजपासून बंद, ग्रुपवर टाकलं.

रविवारी सहाला टाकीपाशी. घमेली दोन आहेत, फावडं एकच आहे, कोणाकडे असेल तर आणा. हातमोजे आणि घोट्यावरचे बूट सगळ्यांनी. आधी पन्हळ, मग घाणेरी, उन्हं वर यायच्या आत जमलं तर आठ होल.